कोडावर चामडी बसवायची, पण आधी ते थांबलंय का?

लाखांदूर तालुक्यातल्या एका भावाने विचारलं आहे. बहीण २० वर्षांची, बी.ए. करते. उजव्या नडगीवर निम्म्या तळहाताएवढं पांढरं कोड तीन वर्षांपासून आहे आणि खालच्या ओठाच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढं दीड वर्षापासून. मलमं झाली, गोळ्या झाल्या. दिवाळीत कुणाच्या सांगण्यावरून बावचीचं तेल लावून तिला उन्हात बसवलं, तर फोड आले. आता त्यांच्या कानावर आलंय की नागपुरात चामडी बसवून कोड घालवतात. ते खरं का, कायमचं जातं का, आईची चामडी चालेल का, आणि मार्चमध्ये पाहुणे बघायला येणार आहेत, तोवर होईल का?

शेवटचा प्रश्न आधी घेते. मार्चपर्यंत होणार नाही. कुणी करून देतो म्हणालं तर तिथून उठून या.

दादा, तुम्ही एका ओळीत लिहिता की डाग वाढत नाही, आणि चार ओळींनी लिहिता की तेलाचे फोड फुटले तिथे "बाजूनं थोडं पांढरं झालं". ही वाढच आहे. बावचीच्या बियांत सोरालेन असतं, ते कातडीला उन्हासाठी हळवं करतं. तेच आम्ही त्वचेचे डॉक्टरही वापरतो, पण मोजून, ठरलेल्या मिनिटांच्या उन्हात. तुम्ही तेल चोळून तिला भर दुपारी बसवलं, कातडी भाजली. कोडाचा रोग आतून जागा असेल तर भाजलेल्या, खरचटलेल्या किंवा सतत घासल्या जाणाऱ्या जागी नवं कोड फुटतं. आमच्या भाषेत याला कोबनर म्हणतात. परकराच्या नाडीखाली कमरेभोवती पांढरा पट्टा आलेल्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील, तो हाच प्रकार.

आता ऑपरेशन म्हणजे काय? आम्हीही कातडीला जखमच करतो. चामडी घ्यायला मांडीवर एक करतो आणि ती बसवायला कोडावर दुसरी. रोग जागा असताना ती जखम केली तर काय होतं ते मी स्वतःच्या हाताने करून बसले आहे. नवी होते तेव्हाची गोष्ट. कॉलेजातला मुलगा, कोपराखाली कोड. "दोन वर्षं झाली मॅडम, जसंच्या तसं आहे," एवढ्या बोलण्यावर विश्वास ठेवून मी मांडीवरून पंचाने, म्हणजे गोल भोक पाडायच्या हत्याराने, कातडीच्या बारीक बारीक टिकल्या काढून हातावर बसवल्या. तीन महिन्यांनी तो आला. हातावर बसवलेल्या टिकल्या पांढऱ्या झाल्या होत्या. मग त्याने पँट वर केली. मांडीवर मी ज्या ओळीत टिकल्या काढल्या होत्या त्याच ओळीत, तेवढ्याच अंतरावर पांढरे ठिपके होते. चांगल्या मांडीवर मीच कोड लावून दिलं होतं. तेव्हापासून तोंडी "वाढत नाही" मी ऐकून घेते, पण धरत नाही.

निदान एक वर्ष तरी जुना डाग पसरलेला नको, अंगावर कुठेही नवा डाग नको, आणि खरचटल्या-भाजल्या जागी पांढरं फुटलेलं नको. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ते स्थिर कोड. तुमच्या बहिणीचं वर्ष दिवाळीपासून नव्याने मोजायचं. आधीचे सगळे महिने तेलाच्या बाटलीत गेले. वाईट वाटून घेऊ नका. माझ्या ओपीडीत महिन्याला दोन-तीन बावचीचे फोड येतातच.

वर्ष मोजायचं कसं? आठवणीवर नाही. नवीन ब्लाऊजपीस ज्या पारदर्शक पिशवीत येतो ती पिशवी घ्या, नडगीवरच्या डागावर ताणून धरा आणि सीडीवर लिहायच्या पेनाने डागाची कड गिरवा. घोट्याचं हाड कुठे येतं त्याचीही एक खूण करा, म्हणजे पुढच्या वेळी पिशवी त्याच जागी बसेल. कोपऱ्यात तारीख टाका. दर तीन महिन्यांनी ती पहिली पिशवी पुन्हा ठेवून बघायची आणि नव्या पिशवीवर त्या दिवशीची कड गिरवायची. पहिल्या रेघेबाहेर पांढरं दिसलं तर वाढ, नाही तर नाही. सोबत मोबाइलने फोटो काढा, दर वेळी त्याच खिडकीजवळ, डागाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. ओठाला पिशवी लागत नाही, तिथे फोटोच. माझ्याकडे अशा चार पिशव्या घेऊन पेशंट आला की अर्धं काम झालं असं मी समजते.

कडेकडेही जरा नीट बघा. कोड शांत असेल तर कड स्पष्ट असते, नकाशावरच्या रेघेसारखी. कडेबाहेर मीठ सांडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसले, किंवा पांढरं आणि कातडीचा रंग यांच्यामध्ये तिसराच फिकट पट्टा दिसला, तर रोग अजून चालू आहे. तसं असेल तर आधी तो थांबवायचा: आठवड्यातून दोन दिवसांची स्टेरॉइडची गोळी, मशीनचे अतिनील किरण, मलम. हे त्वचारोगतज्ज्ञाने वजन, साखर, बीपी बघून द्यायचं असतं. ती गोळी दुकानातून परस्पर घेऊन रोज खाणारे, तोंड गोल झालेले पेशंट मी पाहिले आहेत.

मधेच एक गोष्ट, कारण तुम्ही "श्वेतकुष्ठ" असा शब्द लिहिला आहे. तो शब्द टाकून द्या. कुष्ठरोग जंतूने होतो, नसांना धरतो, चट्ट्यावर बधिरपणा येतो. तो चट्टा फिका किंवा तांबूस असतो, दुधासारखा पांढरा नसतो. कोडात जंतू नाही. आपल्याच शरीरातल्या संरक्षक पेशी आपल्याच रंगपेशींवर उठतात, बाकी कातडी धडधाकट असते. वरोऱ्याचं आनंदवन बाबा आमट्यांनी उभारलं ते कुष्ठरोग्यांसाठी, आणि आपल्या भागात कुष्ठाचे रुग्ण आजही सापडतात, म्हणून लोक दोन्ही एकातच घालतात. तरीही खात्री म्हणून डोळे मिटायला लावून कापसाचा बोळा डागावर फिरवा. कळलं पाहिजे. कळलं नाही तर ऑपरेशनचं नाव काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, कुष्ठाची औषधं फुकट मिळतात. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड येतं यालाही आधार नाही. बिचारी तीन वर्षं दही-ताक सोडून बसली असेल तर तिला आज ताक द्या.

नडगीबद्दल मला एक शंका आहे. ती सायकलने कॉलेजला जाते का? उजवी नडगी, पुढची बाजू, मुलगी कॉलेजात जाणारी. पेडलचं रबर निघून नुसती लोखंडी दांडी राहिली असेल आणि ती रोज नडगीला लागत असेल, तर तो रोजचा कोबनर आहे. कपाळावर कोड असेल तर मी टिकली मागून घेते, कारण टिकलीच्या गोंदातल्या रसायनानेही रंगपेशी मरतात. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पावलावर इंग्रजी व्ही काढल्यासारखं कोड येतं तेही तसंच. कारण जागेवर ठेवून चामडी बसवणं म्हणजे बांध फुटलेल्या बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी सोडणं.

आता ऑपरेशन. तुमच्याकडे धान आहे, म्हणून समजावणं सोपं आहे. कोडाच्या जागी जमीन आहे, पण पीक नाही. रंगपेशी तिथे उरल्याच नाहीत. मलम किंवा किरण रंग आणतात ते केसांच्या मुळाशी दडलेल्या रंगपेशींना जागं करून. म्हणून डागातले केस काळे असतील तर औषधाने आशा असते आणि रंग केसाच्या मुळाभोवती ठिपक्याठिपक्यांनी येतो. केसच पांढरे झाले असतील तर बियाणं संपलं. ओठाला तर केसच नसतात, त्यामुळे तिथे मलमं वर्षानुवर्षं चोळून फारसं काही होत नाही. तिच्या नडगीवरची लव उन्हात धरून बघा आणि काळी की पांढरी ते मला कळवा. सगळा निर्णय त्यावर फिरू शकतो. काळी असेल तर नडगीला आधी किरण, सुरी नंतर.

बियाणं संपलं असेल तर ते तिच्याच अंगावरून आणायचं, आणि त्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक रोवणी, रोप खोचून लावतात तशी; दुसरी आवत्या, बी फेकून पेरतात तशी.

रोवणी म्हणजे पंच ग्राफ्टिंग. मांडीच्या वरच्या बाजूला किंवा कुल्ल्यावर सुन्न करून दीड-दोन मिलिमीटरच्या गोल पंचाने टिकल्या काढतात. कोडावर तेवढीच भोकं पाडून त्यात त्या बसवतात, पऱ्हे चिखलात खोचावे तशा, अर्धा-एक सेंटिमीटर अंतर ठेवून. प्रत्येक टिकलीभोवती रंग काही मिलिमीटर पसरतो आणि शेजारच्या रंगाला जाऊन मिळतो. साधन स्वस्त आणि पद्धत सोपी, छोट्या गावातला त्वचारोगतज्ज्ञही करू शकतो. पण टिकल्या वर उचललेल्या राहिल्या तर जागा खडीच्या रस्त्यासारखी दिसते. शिवाय निम्म्या तळहाताला पुष्कळ भोकं लागतील. तिच्या पूर्ण नडगीला मी हे करणार नाही.

आवत्या म्हणजे पेशींचं द्रावण. मांडीवरून अगदी पातळ, सिगारेटच्या कागदासारखी पट्टी काढतात. साधारण दहापट जागेला ती पुरते, म्हणजे तिच्या नडगीसाठी मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढी. ती ट्रिप्सिनमध्ये, म्हणजे पेशी एकमेकींपासून सोडवणाऱ्या द्रवात, ३७ अंशांवर तासभर ठेवली की वरचा थर सुटतो. त्यातल्या पेशी खरवडून, यंत्रात गरगर फिरवून द्रावण करतात. तोवर कोडाची जागा घासून वरचा थर काढायचा, इतकाच, की मोहरीएवढे रक्ताचे ठिपके दिसू लागतील. मग ते द्रावण त्यावर पसरायचं, वर कोलेजन या प्रथिनाचा पापुद्रा आणि घट्ट पट्टी. ही पद्धत १९९२ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी मांडली आणि आता आपल्याकडे सर्रास होते. एका बैठकीत मोठी जागा होते, खडी राहत नाही. मात्र प्रयोगशाळेचं सामान आणि हात बसलेला माणूस लागतो. त्यासाठी तुम्हाला नागपूर गाठावंच लागेल.

ओठासाठी मला तिसरीच पद्धत आवडते, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला ती गंमतच वाटते. इंजेक्शनची सिरिंज मांडीवर उलटी लावून आतली हवा ओढून घ्यायची आणि नळीला खुंटी मारायची. दोन-तीन तासांत सिरिंजच्या तोंडाएवढा पाण्याचा फोड येतो, चहाने भाजल्यासारखा. पेशंट तोवर मोबाइल बघत पडून असतो. मग फोडाचं छत बारीक कात्रीने कापून काचपट्टीवर उलटं अंथरायचं आणि घासलेल्या ओठावर ठेवायचं. कातडी तिच्या नैसर्गिक थरातूनच सुटत असल्याने मांडीवर वण जवळजवळ राहत नाही आणि ओठावर खडी येत नाही. ज्वारीच्या दाण्याला एक फोड पुष्कळ झाला.

ओठाबाबत दोन गोष्टी. तिच्या बोटांच्या टोकांवर पांढरं आहे का ते बघून सांगा. ओठ आणि बोटांची टोकं मिळून धरणारा प्रकार हट्टी असतो, तिथे ऑपरेशनही बहुतेक फसतं आणि मी तसं आधीच सांगते. दुसरं, तापात तिच्या ओठाच्या कडेला पुरळाचा झुबका येतो का? येत असेल तर ऑपरेशनच्या आधीपासून त्याच्या विषाणूवरची गोळी सुरू करावी लागते, नाही तर तो झुबका ऐन आठवड्यात उठतो आणि सगळं धुऊन नेतो. आणि गुडाखू, खर्रा असं तंबाखूचं काही असेल तर बंद. मुलगी खात नाही म्हणाल, पण मी प्रत्येकालाच विचारते, आणि उत्तर पुष्कळदा भावाला बाहेर पाठवल्यावर मिळतं.

आईची चामडी चालत नाही. हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता त्यात काय उत्तर द्यायचं त्यापेक्षा कसं द्यायचं तेच अवघड जातं. एक बाई मांडीवरचं लुगडं सारून म्हणाली होती, "मॅडम, पोरीले माही चामडी लावा ना जी, मले काय करायची आता?" दुसऱ्याची कातडी, अगदी आईची असली तरी, शरीर परकी म्हणून झिडकारतं. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांची गोष्ट तेवढी वेगळी. आईला सांगा, आठ दिवस मुलीला घरात बसवून ठेवणं हेच तिचं देणं.

कारण नडगी म्हटली की भीती पायाची नाही, बांधीची. एका मुलीला मी जूनच्या शेवटी पायावर पेशींचं द्रावण लावलं, सगळं बजावून पाठवलं. पाचव्या दिवशी घरी रोवणी निघाली. मजुरीला माणूस मिळेना, ती पट्टीवर प्लॅस्टिक बांधून उतरली. आठव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा आत चिखल, पू, आणि कोलेजनचा पापुद्रा प्लॅस्टिकलाच चिकटलेला. तिला रागवायला माझी जीभ उचलली नाही. चूक तारीख देणारीची होती. तेव्हापासून पायाचं ऑपरेशन मी धान घरात आल्यावर ठेवते, डिसेंबर-जानेवारीत. घामही नसतो, पट्टी कोरडी राहते. तुमच्याकडे उन्हाळी धान असेल तर त्याची रोवणी याच दिवसांत येते, म्हणून आधी सांगा.

पट्टी सात-आठ दिवसांनी निघते. पहिले दोन दिवस पाय उंच ठेवून पडून राहायचं, नंतर संडास-अंघोळीपुरतं चालणं. ओठाला तीन-चार दिवस पेज, आंबील, वरणाचं पाणी, चमच्याने. हसायचं नाही, आणि घरात भाची-पुतणी असेल तर हे सगळ्यात अवघड. मांडीची जखम दीडेक आठवड्यात भरते. पट्टी काढल्यावर जागा लालगुलाबी दिसते, आणि इथे प्रत्येक घरात एकदा रड होते: "काही झालंच नाही." रंग तीन-चार आठवड्यांनी उगवायला लागतो, सावकाश भरतो, चार-सहा महिने लागतात, पायाला थोडे जास्तच. आधी आजूबाजूपेक्षा गडद दिसतो, मग हळूहळू मिसळतो. कडेला बारीक पांढरी रेघ उरू शकते, ती किरणांनी भरते किंवा पुन्हा थोडं रोवावं लागतं. पट्टी निघाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी किरण सुरू केले तर रंग लवकर पसरतो. पण आठवड्यातून दोनदा लाखांदूर-नागपूर एसटी आणि दोन रोज बुडवणं तुम्हाला परवडेल असं मला वाटत नाही. भंडाऱ्यात कुणाकडे मशीन आहे का ते विचारा, किंवा घरी वापरायचं हातातलं छोटं मशीन घ्या. तेही नसेल तर सकाळच्या उन्हाचं वेळापत्रक मी लिहून देते. बावची त्यात नाही.

कायमचं जातं का? आम्ही रोग काढत नाही, डागावर रंग रोवतो. शरीराच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात येऊन थांबणाऱ्या कोडात लावलेला रंग सहसा टिकतो, तिथे निकाल सगळ्यात चांगला. तिचं पायावर आणि ओठावर, म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणी आहे, तेव्हा तिचा प्रकार तो नाही असं धरून चाला. बसवलेला रंग पुढे पुन्हा उडू शकतो, दुसरीकडे नवा डागही येऊ शकतो. जागेचंही तसंच. चेहरा आणि मान उत्तम, बोटांची पेरं, घोटे, कोपर वाईट, नडगी मधली. ओठाबद्दल मला नडगीपेक्षा जास्त खात्री वाटते, आणि पाहुण्यांचं म्हणाल तर त्यांना दिसतो तोही ओठच.

म्हणून माझा बेत असा. पुढच्या हिवाळ्यात, चारही पिशव्या जुळल्या तर, एकाच वेळी ओठाला पूर्ण आणि नडगीवर फक्त एका कोपऱ्यात चाचणी म्हणून चार-सहा टिकल्या. तीन महिन्यांत त्या टिकल्यांभोवती रंग पसरला आणि मांडीवर पांढरं फुटलं नाही, तर त्याच्या पुढच्या हिवाळ्यात उरलेली नडगी. लांबचं वाटेल. घाईने मांडी खराब करण्यापेक्षा हे बरं. आधी थायरॉइड, रक्त गोठण्याची तपासणी आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून ठेवा. आपल्या भागात सिकलसेल न बघता मी पायावर जखम करत नाही, कारण त्या पेशंटच्या पायाच्या जखमा भरता भरत नाहीत. अंगावर कुठे जखमेचा वण वाढून दोरीसारखा झाला असेल तर तेही सांगा. तसं असेल तर ऑपरेशन नको.

पैशाचं: सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात आधी चौकशी करा, ग्राफ्टिंग तिथेही करतात. खासगीत बहुतेक जण चौरस सेंटिमीटरवर पैसे लावतात. त्यात पट्ट्या, किरण आणि गरज पडली तर दुसरी बैठक धरली आहे का, ते कागदावर लिहून घ्या. "शंभर टक्के गॅरंटी" लिहिलेली पाटी दिसली तर पुढे जा. गोंदवून घ्यायचाही सल्ला कुणी देईल. तो रंग काही वर्षांत निळसर पडतो आणि प्रत्येक सुई ही जखमच.

मार्चच्या पाहुण्यांना काय सांगायचं ते तिला विचारा, मला नको. ओठाला रंगाचं लिपस्टिक आहे, नडगी साडीखाली जाते, लपवणं अवघड नाही. पण मी पाहिलेल्या मुलींपैकी ज्यांनी आधीच सांगितलं त्यांना निदान लग्नानंतर माझ्याकडे चोरून यावं लागलं नाही.

पहिली पिशवी या रविवारी गिरवा, लव बघा, बोटांचे फोटो काढा. आणि सायकलच्या पेडलला नवं रबर बसवून घ्या.